दादरच्या कपाटावरची नौदलाची तलवार : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण मुंबईतल्या एका कुटुंबाचं आहे. माणसं ओळखू येतील असे तपशील बदललेत, काही सरळ गाळलेत, तलवारीबद्दलचं मात्र जसं होतं तसंच ठेवलंय. मी या घरातला नाही. जुन्या शस्त्रांचा नाद आहे, त्यावर वाचत असतो, म्हणून ओळखीतून "जरा बघून जा" असा फोन आला आणि मग ते बघणं बरेच महिने चाललं.

दादरची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेलेली, आजी आदल्याच वर्षी गेलेल्या, फ्लॅट रिकामा करून द्यायचा होता. भांडी, फोटो, देव वगैरे वाटून झालं आणि शेवटी राहिली ती कपाटावर चादरीत गुंडाळलेली तलवार. दोन वारस. थोरले अण्णा, सत्तरी ओलांडलेले, आणि त्यांची धाकटी बहीण, ठाण्याला असते, तिला आपण इथे आत्या म्हणू. अण्णांचा मुलगा म्हणजे आजोबांचा नातू, तो इंग्लंडमध्ये सेटल झालाय. त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की बाकी काही नको, तलवार मी नेणार.

आजोबा नेव्हीत ऑफिसर होते. घरात लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेली गोष्ट अशी की १९४६ च्या नौदलाच्या बंडात आजोबांनी एका गोऱ्या साहेबाच्या कमरेची ही तलवार काढून घेतली. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू, फूल, झेंडूचं तोरण. आणि त्याच्या आदल्या दिवशी आजी देवाच्या भांड्यांबरोबर तिचीही पितळ चिंच आणि रांगोळीने घासून लख्ख करायच्या. हे घासणं पुढे फार महाग पडलं, ते येईलच.

तलवार कशी होती

पहिल्यांदा बघितली तेव्हा ओळखायला वेळ लागला नाही. ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांची १८२७ च्या पॅटर्नची तलवार. पितळेची भरीव, अर्ध्या टोपलीसारखी परज, म्हणजे मुठीवर हात झाकणारं कवच, तिच्यावर दोर गुंडाळलेला नांगर आणि वर मुकुट. मुठीच्या टोकाला सिंहाचं तोंड आणि त्याची आयाळ मुठीच्या पाठीवरून थेट खाली उतरलेली. मुठीला माशाची पांढरी कातडी, बहुतेक पाकटाची, वर पीळ दिलेली सोनेरी तार. म्यान काळ्या चामड्याचं आणि त्याला पितळेची कडी. सिंहाचं तोंड आणि पांढरी मूठ असेल तर कमिशन्ड ऑफिसरची, साधा गोळा आणि काळी मूठ असेल तर खालच्या दर्जाची, असा जुन्या काळचा ढोबळ नियम. म्हणजे ऑफिसरची एवढं नक्की.

गंमत अशी की हा पॅटर्न १८२७ ला ठरला तो थोड्याफार फरकाने आजपर्यंत चालूच आहे. पात्याचा घाट एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बदलला, पण मूठ बघून १८६० ची आणि १९४० ची तलवार लांबून वेगळी सांगता येत नाही. ब्रिटिश नौदलातून हाच पॅटर्न रॉयल इंडियन नेव्हीत आला, आणि आपल्याकडे २६ जानेवारी १९५० ला नावातलं 'रॉयल' गेल्यावर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले, बाकीचा घाट तोच राहिला. त्यामुळे वय ठरवायचं तर मुकुट बघायचा आणि पातं बघायचं.

आणि इथेच घोडं अडलं. मुकुटाच्या रेघा चिंच-रांगोळीने पन्नास-साठ दसऱ्यांत झिजून गेलेल्या, सोन्याचा मुलामा तर फक्त खोबणीत उरलेला. आणि पातं म्यानातून निघतच नव्हतं. अण्णांच्या आठवणीत ते कधीच निघालेलं नाही, "गंजून बसलंय, आजोबांच्या वेळेपासून."

अडचण नेमकी काय होती

वरवर बघता भांडण "तलवार कोणाकडे" एवढंच होतं. खरी अडचण वयाची होती.

आपल्याकडे पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ आहे, अंमलात आला १९७६ ला. ऐतिहासिक महत्त्वाची किंवा कारागिरीची वस्तू शंभर वर्षं जुनी झाली की ती पुरावशेष, हस्तलिखितांना ही मर्यादा ७५ वर्षांची. आणि पुरावशेष खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, बस. केंद्र सरकार किंवा त्यांनी नेमलेली संस्थाच नेऊ शकते. मोडलं तर सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि वर दंड. वस्तू कुठे बनली याला या व्याख्येत काही जागा नाही. लंडनला बनलेली तलवार लंडनच्या जवळ परत नेतोय हा नातवाचा मुद्दा भावनेच्या दृष्टीने ठीक होता, कायद्यात त्याला कुठे बसवणार?

मग सगळं यावर येऊन थांबलं की तलवार ४६ च्या आसपासची असेल तर शंभरच्या आत, रीतसर 'पुरावशेष नाही' असं सर्टिफिकेट घेऊन नेता येईल. एकोणिसाव्या शतकातली निघाली तर विषय संपला.

त्यात नातवाने परजेचे फोटो तिकडच्या एका जाणकाराला दाखवले होते. त्याने झिजका मुकुट बघून सांगितलं की हा राणीचा मुकुट, मधे दबलेला, म्हणजे एलिझाबेथच्या काळातला, १९५३ नंतरचा. नातू एकदम खूश. तो लेखी अभिप्राय त्याने फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "प्रश्न मिटला."

मिटला नव्हता. राजाचा मुकुट आणि राणीचा मुकुट हा फरक खरा आहे. १९०१ पासून एलिझाबेथ येईपर्यंत चार राजे झाले, त्या काळात मुकुटाच्या कमानी घुमटासारख्या गोल असतात, एलिझाबेथच्या मुकुटाच्या कमानी मधे खाली दबलेल्या. पण राणी एकच नव्हती ना. व्हिक्टोरियाच्या काळातलाही मुकुट तसाच मधे दबलेला दिसतो, आणि रेघा झिजल्यावर तर दोन्हीत काही राहतच नाही. शिवाय १९५० नंतर भारतीय नौदलाचा अधिकारी ब्रिटिश मुकुटाची नवी तलवार घेईल कशाला? म्हणजे त्या दबलेल्या मुकुटाचा एकच अर्थ उरत होता आणि तो नातवाला नको असलेला होता.

पहिला निर्णय : पातं काढायचं की नाही

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त काही वाटलं असेल तर ते इथे. नातवाचं म्हणणं, आणि तो काही वाईट मुलगा नाही, की पातं काढूच नका. आत्ता आपल्या हातात एक लेखी मत आहे, ते आपल्या सोयीचं आहे, उगाच उकरून काढून नसतं काही निघालं तर पंचाईत. अण्णा पण त्याच बाजूला, त्यांना वेगळी भीती, पातं मोडेल आणि दसऱ्याला पूजा कशाची करणार. आत्या एकटी म्हणत होती की काय असेल ते कळू दे, आईबाबांची वस्तू आहे, खोट्या कागदावर परदेशी नको.

कायद्याच्या बाजूने बघितलं तर न कळण्यात काही संरक्षण नाही, तलवारीचं वय आपल्याला माहीत असण्यावर ठरत नाही. एखादी वस्तू पुरावशेष आहे की नाही असा प्रश्न आला तर कलम २४ प्रमाणे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या महासंचालकांकडे जातो आणि त्यांचा निर्णय शेवटचा. तिथला माणूस पातं बघितल्याशिवाय सही करणार आहे का? आणि तो बघणार ते आपणच आधी बघितलेलं बरं. हे पटायला दोन रविवार आणि बरेच चहा गेले.

पातं निघालं ते जवळजवळ फजितीच म्हणावी असं. या तलवारींना परजेच्या आतल्या बाजूला एक छोटी बिजागरीची पट्टी असते, तिला भोक, आणि ते भोक म्यानाच्या तोंडाशी असलेल्या पितळी बटणावर बसतं. जहाजावर किंवा जिने चढउतार करताना तलवार आपोआप घसरू नये म्हणून. ती पट्टी वर उचलल्याशिवाय दोन माणसांनी ओढली तरी तलवार निघत नाही. या घरात तीन पिढ्या ती पट्टी खाली ठेवून ओढत होत्या. पट्टी उचलली, म्यानाच्या तोंडातून थोडं थोडं पातळ तेल सोडत राहिलो, न ओढता नुसतं पुढेमागे हलवत, आणि ती आली बाहेर. अण्णा पाच मिनिटं काही बोलले नाहीत.

पात्याने काय सांगितलं

पातं साडेएकतीस इंचांच्या आसपास, एका बाजूला धार, हलका बाक, मधे रुंद पन्हळ. टोकाकडे गंजाचे खड्डे, कारण जुनं चामडं मुंबईच्या दमट हवेत पाणी धरून ठेवतं आणि चामडं कमावताना वापरलेली आम्लं लोखंडाला खातात. वरचा अर्धा भाग मात्र अजून वाचता येण्यासारखा. कोरीव नक्षीत नांगर, मुकुट आणि एकात एक गुंतलेली व्ही आर ही अक्षरं, म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना. व्हिक्टोरिया २२ जानेवारी १९०१ ला गेली. नंतरच्या तलवारींवर एडवर्ड आणि जॉर्जची अक्षरं येतात. म्हणजे काहीही केलं तरी शंभरच्या वरच.

मुठीजवळ सहा टोकांच्या चांदणीत छोटी पितळी चकती, विल्किन्सनची कसोटी लागल्याची खूण, दुसऱ्या बाजूला विल्किन्सन, पॅल मॅल, लंडन. आणि पात्याच्या पाठीवर मुठीला लागून बारीक आकडे. हे आकडे सोन्यासारखे. विल्किन्सन कंपनी मूळ बंदुका बनवणारी, १७७२ सालची, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्यांनी चांगल्या पात्यांवर नंबर टाकून रजिस्टर ठेवायला सुरुवात केली, कुठलं पातं कधी आणि कोणासाठी. तलवारी बनवणं त्यांनी २००५ ला बंद केलं पण रजिस्टरं वाचली, त्यातून फी घेऊन शोध करून मिळतो. पुष्कळ तलवारी शिंप्यांच्या, म्हणजे युनिफॉर्म शिवणाऱ्या दुकानांच्या नावाने विकल्या जायच्या, त्यांच्यावर असा नंबर बहुधा नसतो. इथे होता, हे नशीब.

रजिस्टरमधून उत्तर आलं, १८८० च्या दशकातली विक्री आणि खरेदी करणाऱ्याचं आडनाव. पात्यावर झिजलेली दोन अक्षरं होती, ती त्या आडनावाशी जुळली. ब्रिटिश नौदलाच्या अधिकाऱ्यांच्या छापील याद्या असतात, नेव्ही लिस्ट, त्यातल्या बऱ्याच आता ऑनलाइन स्कॅन होऊन आल्यात, त्यात हा माणूस लेफ्टनंट म्हणून सापडला. पुढे साठेक वर्षं कोरी.

मग आजोबांचे कागद. ट्रंकेत निघाले. १९४२ चं रॉयल इंडियन नेव्हल व्हॉलंटियर रिझर्व्हचं कमिशन, आणि एक फोटो, मागे शाईने १९४८, पांढरा युनिफॉर्म, डाव्या हातात हीच तलवार. माझा अंदाज असा की लढाईच्या काळात भरती झालेल्या ऑफिसरला तलवारीची गरजच पडली नाही, लढाई संपून परेड सुरू झाल्या तेव्हा लागली. आणि नवी तलवार म्हणजे पगाराच्या मानाने मोठा खर्च. गोरे अधिकारी तेव्हा सामान विकून मायदेशी चालले होते, चोरबाजार होताच. पॅटर्न न बदलल्यामुळे साठ वर्षं जुनी तलवारही परेडला चालून जायची, मुकुट व्हिक्टोरियाचा की जॉर्जचा हे कोण वाकून बघतंय.

आता ४६ ची गोष्ट. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या एचएमआयएस तलवार या केंद्रावर सुरू झालेला उठाव खलाशांचा होता, रेटिंग्जचा. निकृष्ट जेवण, वरिष्ठांची अपमानास्पद वागणूक, मग बघता बघता ७८ जहाजं आणि जवळजवळ वीस हजार खलाशी. आजोबा १९४२ पासून कमिशन्ड ऑफिसर. म्हणजे त्या आठवड्यात ते टेबलाच्या कुठल्या बाजूला होते हे सांगायची गरज नाही, फार तर सहानुभूती असेल, बऱ्याच भारतीय अधिकाऱ्यांना होती. मी हे जमेल तेवढं हळू सांगितलं. अण्णा उठून गॅलरीत गेले.

समोर असलेले पर्याय

नातू तरी म्हणत होता की चेक-इन बॅगेत घालून नेऊ, कोण बघतंय. तर एक्स-रेत तीन फुटांची तलवार न दिसायला ती काय लाटणं आहे? यात एक विचित्र पेच पण होता. इंग्लंडमध्ये २००८ पासून वक्र पात्याच्या लांब तलवारी आयात करण्यावर बंदी आहे आणि सूट आहे ती जुन्या तलवारींना. म्हणजे तिकडे उतरताना तलवार जुनी असल्याचा जो कागद दाखवायचा, तोच कागद इकडे निघताना त्याला अडकवणार.

विकायचा पर्याय अण्णांनीच काढला, थोडं रागात. देशातल्या देशात खाजगी माणसाने आपली वस्तू विकायला अडचण नाही. पुरावशेषांचा धंदा करणाऱ्याला मात्र लायसन्स लागतं, तर ते बघून व्यवहार करायचा. सक्तीची नोंदणी ज्या प्रकारांना आहे ती मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं वगैरे, तलवार त्यात येत नाही. पण किंमत ऐकून सगळे गार पडले. घरात लाखांच्या गोष्टी चालल्या होत्या. या पॅटर्नच्या व्हिक्टोरियन तलवारी शेकड्यांनी उरल्यात, तिकडच्या लिलावात साधारण काहीशे पाऊंडांना जातात, त्यात आपली गंजलेली आणि मुलामा उडालेली.

आत्याला ती संस्थेला द्यावीशी वाटत होती. मुंबईत नौदलाची मेरिटाइम हिस्टरी सोसायटी आहे, १९७८ पासून. कल्पना चांगली, फक्त घरच्यांची समजूत अशी की दिली की दुसऱ्या दिवशी काचेत लागेल आणि खाली आजोबांचं नाव. संस्था प्रत्येक वस्तू घेतेच असं नाही, घेतली तरी मांडेलच असं नाही, आणि एकदा दानपत्र झालं की दसऱ्याला परत मागता येत नाही.

उरला चौथा, इथेच घरात ठेवणे. त्यातही शस्त्र कायदा आहे. नऊ इंचांपेक्षा लांब पात्याची तलवार त्या कायद्यात शस्त्रच, आणि महाराष्ट्रात घरात तलवार सापडली म्हणून कलम ४ आणि २५ खाली गुन्हे नोंदवल्याच्या बातम्या आपण वाचतोच. "जुन्या शस्त्राला सूट असते" असं सगळे ठोकून देतात, पण कलम ४५ मधली ती सूट बंदुकीच्या भाषेत लिहिलेली आहे, तिच्या भरवशावर राहायला वकील तयार नव्हता.

काय केलं

सर्टिफिकेटसाठी अर्ज करायचाच नाही असं ठरलं. तो १९५३ वाला अभिप्राय जोडून नशीब अजमावू असा एक सूर शेवटपर्यंत होता, तो आत्याने मोडला. ती म्हणाली, बाबा ऑफिसर होते, त्यांच्या नावावर असला कागद मी जाऊ देणार नाही. झालं.

तलवार आत्याकडे ठाण्याला न्यायची. वकिलाने आधी दोन्हीकडच्या पोलीस ठाण्यांना लेखी कळवायला लावलं, फोटो, आजोबांच्या कमिशनची झेरॉक्स, वारसांच्या सह्या, रजिस्टरचा उतारा. एका ठिकाणी "मग जमाच करा ना" असं उत्तर मिळालं आणि सगळे घाबरले, पण वकिलाने शांतपणे अर्ज पुढे सरकवला, वरिष्ठांनी वाचला, पोच मिळाली. नेताना महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ चा मनाई आदेश लागू नाही ना हे बघून दिवस धरला, कारण असे आदेश मुंबई-ठाण्यात वरचेवर निघतात आणि त्यात तलवार बाळगणं सरळ येतं. गाडीच्या डिकीत, लाकडी खोक्यात, बांधून, वर कागदांची फाइल.

जपणुकीचं थोडक्यात, कारण हे खूप जण विचारतात. गंज काढायला सँडपेपर नाही, लिंबू नाही, चिंच तर नाहीच. नक्षी केसाएवढीच खोल असते, एकदा घासली की गेली. सैल गंज तेल लावून मऊ कापडाने टिपला आणि वर मेणाचा पातळ थर. हात लावताना हातमोजे. पातं आता म्यानाबाहेर वेगळं ठेवतात, म्यानाची उसवलेली शिवण तशीच सोडली, नव्या दोऱ्याने ओढून बांधली तर जुनं चामडं फाटतं. खंडेनवमीला तलवार पाटावर आणि हळदकुंकू समोर ठेवलेल्या सुपारीला, हा तोडगा आत्याचा.

निकाल

नातवाला तलवार मिळाली नाही. तो काही महिने ग्रुपवर गप्प होता. मग त्यानेच तिकडून त्या व्हिक्टोरियन लेफ्टनंटचा माग काढायला घेतलाय, आर्काइव्हमध्ये जातो, नोंदींचे फोटो पाठवतो. अण्णा दुखावले ते गोष्टीमुळे, तलवारीमुळे नाही. १९४८ चा फोटो त्यांनी मोठा करून नव्या घरात लावलाय, आणि पाहुण्यांना अजूनही ४६ चीच गोष्ट सांगतात.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी पातं काढायला हवं होतं. मुकुटाच्या फोटोवरून मत मागवणं, मग त्या मतावर विमानाचं तिकीट काढणं, मग मत चुकीचं निघाल्यावर रुसवेफुगवे, हा सगळा क्रम उलटा झाला. फोटो पाठवायचेच तर पात्याच्या दोन्ही बाजू, पाठ, मुठीचं टोक असे पाठवावेत, नुसती परज बघून कोणी ठामपणे साल सांगत असेल तर जरा थांबावं.

दुसरं, आजींना विचारायला हवं होतं. त्या १९४८ मध्ये घरात होत्या, तलवार कधी आली, पैसे किती दिले हे त्यांना ठाऊक असणारच, आणि कोणी विचारलं नाही कारण सगळ्यांना आधीच "माहीत" होतं. तो कोरा साठेक वर्षांचा तुकडा निदान एका टोकाने तरी भरला असता.

मालकीचा कागदही आधी झाला असता तर बरं. दोन वारस असताना एकाने मुलाला शब्द देऊन ठेवला, दुसरीला ते ग्रुपवर कळलं, अर्धं भांडण तिथलंच आहे. आता वकिलाने एक पानाचा करार करून दिलाय. तलवार दोघांची, ताबा आत्याचा, आणि आत्यानंतर नातू किंवा त्याचं कोणी भारतात राहत नसेल तर आधी मेरिटाइम हिस्टरी सोसायटीला विचारायचं. आत्याची सही झालीय. अण्णा म्हणतात करारात "सन १९४६ पासून कुटुंबात असलेली" असं लिहा, मग करतो.